साखरेवर खापर फोडण्याआधी: चंचल मूल आणि त्याचं खाणं

ताई, तुमचं पत्र लांबलचक आहे, त्याचा गाभा असा. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वर्गात एका जागी बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, शेजारच्याच्या खोड्या काढतो, अशी बाईंची तक्रार. वहीत लाल शेरे. घरी पोळी-भाजी पाहिली की नाक मुरडतो, पाकीट फोडलं की दोन मिनिटांत फस्त. सासूबाई म्हणतात गोड तोडा, मैत्रीण म्हणते गहू आणि दूध तोडा, आणि एका व्हिडिओत तुम्ही पाहिलंत की खाण्यातले रंग हेच एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराचं, मूळ. तर आता नेमकं काय तोडायचं?

माझा सल्ला, तोडण्यापासून सुरुवातच करू नका. लक्ष न लागणाऱ्या, चुळबुळ्या मुलांचं काम मी बरीच वर्षं करते आहे. खाणं सुधारल्यावर ज्यांच्या वागण्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडला, त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात कशाची तरी कमतरता होती आणि ती भरून निघाली. पाकिटात काय घातलंय याची चर्चा सगळीकडे होते. पाकिटाने ताटातलं काय हुसकावून लावलं, हे मात्र कुणी विचारत नाही. तरी तुम्ही विचारलेल्या क्रमानेच जाऊ.

आधी साखर. साखर खाल्ली की मूल उधळतं, ही समजूत इतकी पक्की आहे की ती कुणी तपासून पाहिली असेल हेच लोकांच्या गावी नसतं. अमेरिकेत मार्क वोलराइच आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकूण ४८ मुलं, आणि त्यातली जवळपास निम्मी अशी की त्यांच्या आईवडिलांना खात्री होती, आमच्या मुलाला साखर चढते. घरातलं सगळं खाणं संशोधकांनीच पुरवलं. तीन आठवडे भरपूर साखरेचं, तीन आठवडे ॲस्पार्टेमचं, तीन आठवडे सॅकरीनचं (दोन्ही साखरेऐवजी वापरायचे कृत्रिम गोड पदार्थ). कुठल्या आठवड्यात काय चालू आहे हे ना मुलांना माहीत, ना पालकांना, ना चाचण्या घेणाऱ्यांना. वागण्यात आणि लक्ष देण्यात दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी अशा २३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तरी निष्कर्ष तोच.

त्याच १९९४ सालचा दुसरा एक प्रयोग मला जास्त आवडतो. पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे, आणि ‘साखरेने हा बिघडतो’ असं सांगणाऱ्या त्यांच्या आया. पेय सगळ्यांना बिनसाखरेचंच दिलं, पण निम्म्या आयांना सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल वाटला. आणि चित्रीकरणात दिसलं ते असं की त्या मुलाला अधिक चिकटून राहिल्या, जास्त टोकत होत्या, त्याच्यावर नजर ठेवून होत्या. वाढदिवसाला केक कापल्यावर मुलं हैदोस घालतात हे मान्य, पण तिथे वीस मुलं, फुगे, कर्कश गाणी, बुडालेली दुपारची झोप आणि सूट दिलेले आईवडील हेही असतात. केक त्यात आयता सापडतो.

म्हणून साखर निर्दोष ठरत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरून घातलेल्या साखरेची दिवसाची मर्यादा सुमारे २५ ग्रॅम आहे. आंब्याच्या तयार पेयात १०० मिलिलिटरला साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे एका छोट्या डबीतच मर्यादा जवळपास गाठली जाते. दात, वजन, यकृतावरची चरबी आणि मेलेली भूक, एवढी कारणं साखर कमी करायला पुरेशी आहेत. फक्त ती कमी केल्याने बाईंची तक्रार थांबेल, ही आशा ठेवू नका.

रंगांचं प्रकरण वेगळं आहे, कारण तिथे धूर आहे आणि थोडी आगही आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ बेंजामिन फाइनगोल्ड यांनी १९७३ च्या सुमारास मांडलं की कृत्रिम रंग आणि स्वाद काढले की अतिचंचल मुलांपैकी मोठा हिस्सा सुधारतो. पुढे कसून घेतलेल्या चाचण्यांत एवढा मोठा परिणाम कुणालाच दिसला नाही आणि विषय बाजूला पडला. मग २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं, सर्वसामान्य वस्तीतली, एडीएचडीचं निदान झालेली म्हणून निवडलेली नव्हेत. रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय काही आठवडे, साधं पेय काही आठवडे. रंगांच्या आठवड्यांत चंचलपणा सरासरीने थोडा वाढला. थोडाच, पण वाढला. काही मुलांवर बराच, अनेकांवर शून्य. नंतर त्याच गटाने दाखवलं की शरीरात हिस्टामिनची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमच्या जनुकातले फरक यामागे असू शकतात, म्हणजे ‘माझ्या मुलाला होतं, तुझ्या मुलाला नाही’ या भांडणात दोघीही खऱ्या असू शकतात.

या अभ्यासाच्या आधारे युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सहा रंगांच्या पदार्थांवर ‘मुलांच्या हालचालींवर आणि लक्ष देण्यावर वाईट परिणाम होऊ शकतो’ अशी सूचना छापणं बंधनकारक केलं. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये सरकारी शाळांच्या खाण्यातून सहा रंग हद्दपार करणारा कायदा केला, तो २०२७ च्या अखेरीस लागू होईल. आपल्याकडे टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइझिन, पाँसो फोर-आर हे साउदॅम्प्टनच्या अभ्यासातल्या सहा रंगांपैकी चार चालतात, बहुतेक पदार्थांत किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत, आणि इशारा छापावा लागत नाही. साउदॅम्प्टनमध्ये तीन वर्षांच्या मुलांना दिवसाला २० मिलिग्रॅम रंग दिला होता. मर्यादेतलाच रंग असलेला पाव किलोहून कमी गोड पदार्थ पोटात गेला की तेवढा होतो. एका बैठकीत नाही, पण सणासुदीला दिवसभरात अशक्यही नाही.

पाकीट उलटं करा. घटकांच्या यादीत अगदी शेवटी, चष्मा शोधावा लागेल अशा अक्षरांत, ‘परमिटेड सिंथेटिक फूड कलर्स’ असं असतं आणि कंसात आकडे. १०२, ११०, १२२, १२४ दिसले तर ते हेच चार रंग. २११ म्हणजे सोडियम बेंझोएट, सॉस आणि सरबतांत हमखास. पण प्रत्येक आकड्याला घाबरू नका. १०० म्हणजे आपल्या हळदीतला पिवळा रंग, ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातलंच. अजिनोमोटोचाही लोक धसका घेतात. त्याने लक्ष विचलित होतं याला भरवशाचा पुरावा नाही.

खरी काळजी सुट्या मालाची आहे, कारण तिथे उलटायला पाकीटच नसतं. जत्रेतली भडक बुंदी, गोळ्यावरचं सरबत, शाळेबाहेरच्या पिवळ्याजर्द तळलेल्या नळ्या, गुलाबी म्हातारीचे केस. २०२४ मध्ये तमिळनाडू आणि पुदुच्चेरीने म्हातारीचे केस विकायला बंदी घातली आणि पाठोपाठ कर्नाटकाने त्यात आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंगांना बंदी केली, कारण नमुन्यांत रोडामीन-बी सापडला. हा कापड-कागद रंगवायचा रंग, खाण्यात कुठल्याच प्रमाणात चालत नाही. त्यामुळे माझ्याकडे आलेल्या घरांना मी एवढंच सांगते की भडक रंगाचं सुटं खाणं बंद, त्याला कसलाही प्रयोग नको. पाकिटातल्या रंगाबद्दल शंका असेल तर चार आठवडे तेवढंच काढा, आणि बाईंना कारण न सांगता दर शुक्रवारी मुलाच्या आठवड्याला दहापैकी गुण द्यायला सांगा. मग पुन्हा दोन आठवडे चालू करा. तुमचं स्वतःचं मत यात धरू नका, त्या ३५ आयांची गोष्ट आठवा.

आता मुद्द्यावर येते. मी प्रत्येक घराला तीन दिवसांची नोंद करायला लावते, त्यातला एक दिवस रविवार. काय खाल्लं, किती वाजता, कुठे बसून. तिसरी-चौथीतल्या, सकाळच्या शाळेच्या मुलाची नोंद साधारण अशी येते. सव्वासहाला कपभर दूध, त्यात माल्टची पावडर दोन चमचे. सातला व्हॅन. पावणेदहाला छोटी सुट्टी, डब्यात क्रीमची बिस्किटं, कारण सकाळी दुसरं काही होत नाही आणि तो दुसरं काही खातही नाही. साडेबाराला घरी, दोन मिनिटांचे नूडल्स. साडेचारला चहा-खारी. सहाला क्लासला जाताना पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट. नऊला मोबाइलसमोर दोन-चार घास वरण-भात. झोपताना पुन्हा दूध, ‘कारण जेवला नाही ना’.

या नोंदीत उष्मांक भरपूर आहेत. मूल बारीकही दिसत नाही, कधी गुबगुबीतच असतं. पण उसळ कुठे आहे? पालेभाजी, अंडं, मासे, शेंगदाणे, एखादं फळ? लोहाचा चांगला स्रोत म्हणावा असा पदार्थ दिवसभरात एकही नाही. त्यात दोनदा दूध आणि एकदा चहा, म्हणजे जे थोडं लोह मिळतं तेही अंगी लागू न देणारे दोन पदार्थ. सव्वासहाच्या कपानंतर साडेतीन तास पोट रिकामं, आणि बाईंच्या तक्रारी नेमक्या कुठल्या तासाच्या असतात हे विचारलंत का? बरेचदा उत्तर येतं, गणिताच्या, म्हणजे छोट्या सुट्टीच्या आधीच्या. भुकेलेलं मूल ‘भूक लागली’ म्हणेलच असं नाही. ते बाकाखाली शिरतं, पेन्सिल मोडतं, पुढच्याची वेणी ओढतं.

जमैकात ग्रामीण शाळांमध्ये मुलांना वर्षभर रोज शाळेतच नाश्ता देऊन पाहिला होता. १९९८ मध्ये त्याचे निकाल आले. हजेरी सुधारली आणि लहान इयत्तांतल्या मुलांचं गणितही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊनंतर भरवायला सांगितलं ते झोपेच्या कारणाने, पण त्याचा फायदा नाश्त्यालाही होतो. तुमच्या मुलाची शाळा अजून सातची असेल, तर घाईच्या पोह्यांपेक्षा आदल्या रात्री तयार ठेवलेलं काहीतरी परवडेल.

लोहाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण हे सगळ्यात जास्त निसटतं. मेंदूत डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बनवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं, आणि लक्ष टिकवण्याचं, आवेग आवरण्याचं काम ज्या यंत्रणेवर चालतं ती डोपामिनवर चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षय ६७ टक्के निघाला, महाराष्ट्रातही जवळपास तेवढाच. ते आकडे बोटाला टोचून घेतलेल्या थेंबाचे, थोडे फुगलेले असावेत असं मानायला जागा आहे. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं, तिथे एक ते चार वयाच्या मुलांमध्ये लोहाची कमतरता ३२ टक्के, पाच ते नऊमध्ये १७ टक्के, किशोरवयात २२ टक्के होती. कमी धरलेला आकडा घेतला तरी तिसरीच्या वर्गात साठ मुलं असतील तर त्यातली दहा.

हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणजे लोह ठीक, असं नसतं. शरीर आधी साठा संपवतं, मग रक्त. साठा कळतो तो फेरिटिनच्या रक्ततपासणीवरून. फ्रान्समध्ये एरिक कोनोफाल यांनी २००४ मध्ये एडीएचडी असलेल्या ५३ मुलांचं सरासरी फेरिटिन २३ आणि तुलनेच्या २७ मुलांचं ४४ असल्याचं दाखवलं. २००८ मध्ये त्यांनी कमी फेरिटिनच्या २३ मुलांना लोह किंवा बनावट गोळी देऊन पाहिली. एका मापनात सुधारणा ठळक दिसली, पालक-शिक्षकांच्या दुसऱ्या प्रश्नावलीत ती तेवढी पक्की नव्हती. म्हणजे लोह हे एडीएचडीचं औषध नाही, पण लोह कमी असताना त्या मुलाला ‘हट्टी’ म्हणत बसणं अन्यायाचं आहे.

दुसरीतली एक मुलगी आठवते. शिक्षकांच्या मते अतिचंचल, वडिलांच्या मते हट्टी. आईने सगळ्यात शेवटी, दाराशी उभं राहून सांगितलं की ही पाटीवरच्या पेन्सिली खाते. दप्तरात पुडकं सापडलं, उशीखालीही. रात्री झोपेत पाय सारखे हलायचे, म्हणून आजी हिच्याजवळ झोपेना. दिवसाला चार कप दूध, भाजी नावाला नाही. हिमोग्लोबिन साडेदहा, म्हणजे कुणी दचकावं असं नाही, फेरिटिन पाच. लोहाचं औषध सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत पेन्सिल आपोआप सुटली, हे नेहमी सगळ्यात आधी होतं. मग झोप लागायला लागली. तीन महिन्यांनी शिक्षकांनी लिहिलं की आता सांगितलेलं ऐकून घेते. वाचनात ती मागेच होती, त्यासाठी वेगळी मदत लागली. लोहाने वाचन येत नाही. पण न झोपलेल्या, पाय झाडणाऱ्या मुलीला वाचन शिकवणं कुणालाच जमलं नसतं.

तेव्हा माती, खडू, पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ चघळणं हे लक्षण बारकाईने विचारात घ्या. ‘पोटात जंत आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. जंताची गोळी जरूर द्या, शाळेत १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाला ती मिळतेच, पण गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत आणि दात खाणारं प्रत्येक मूल जंताचं नसतं. आणि मनाने लोहाच्या बाटल्या सुरू करू नका. थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिनही कमी दिसतं, पण त्याला लोहाची गरज नसू शकते. ताप-सर्दी चालू असताना फेरिटिन उगाच वर दिसतं, म्हणून आजारानंतर दोन-तीन आठवडे थांबून तपासा. पाच वर्षांपुढच्या मुलात १५ च्या खाली म्हणजे साठा रिकामा, ही जागतिक आरोग्य संघटनेची रेषा आहे. पाय झाडण्याचा त्रास असेल तर ५० च्या खाली असलं तरी आम्ही लोह देण्याचा विचार करतो. औषध दुधाबरोबर द्यायचं नाही, लिंबूपाण्याबरोबर चालतं. शी काळी होते, घाबरू नका. आणि बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर, कारण लहान भावंडाने ती प्यायली तर ती विषबाधाच असते.

खाण्यातून लोह म्हणाल तर इथेही गैरसमज पुष्कळ. बीट आणि डाळिंब लाल असतात म्हणून रक्त वाढवतात, हा रंगाचा भास आहे. गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. नाचणीचं खरं वैभव कॅल्शियम आहे, लोह त्या मानाने बेताचं. मटकी-चवळीची उसळ, हरभरे, फुटाणे, राजगिरा, तीळ, अळिवाचे लाडू आणि वर लिंबू पिळणं, हे शाकाहारी घराला जमण्यासारखं. अंड्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही, पण प्रथिनं आणि बी-१२ साठी ते उत्तम. मटण, कलेजी, सुकट-जवळा चालत असेल तर ते लोह सगळ्यात सहज शोषलं जातं. शुद्ध शाकाहारी मुलाचं बी-१२ एकदा तपासून घ्या. त्याच पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वयोगटातल्या १७ टक्के मुलांत ते कमी होतं.

चहाकडे कुणी औषध म्हणून बघत नाही, पण त्यात कॅफिन असतं. संध्याकाळी साडेपाचला चहात बुडवून बिस्किटं खाणाऱ्या मुलाला नऊला झोप येत नाही, मग मोबाइल, मग अकरा, आणि सकाळी सहाला त्याला ओढून उठवायचं. कमी झोपलेला मोठा माणूस पेंगतो. कमी झोपलेलं मूल उलट जास्त उड्या मारतं. कोला आणि एनर्जी ड्रिंकबद्दल तर बोलायलाच नको. एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर ‘मुलांसाठी नाही’ असं छापलेलं असतं, तरी सहावी-सातवीतली मुलं क्रिकेटच्या मॅचनंतर ती पिताना मी पाहते. मूल घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर ॲडेनॉइडसाठी, म्हणजे नाकामागच्या वाढलेल्या गाठीसाठी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. त्यातून येणारी चुळबुळ हुबेहूब एडीएचडीसारखी दिसते.

पाकिटातलं खाणारी मुलं जास्त चंचल असतात असे अभ्यास तुम्हाला व्हिडिओत दाखवले असतील. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या पाहणीत (२०११) ‘पाश्चात्त्य’ धाटणीचं खाणाऱ्या १४ वर्षांच्या मुलांत एडीएचडीचं निदान दुपटीहून जास्त आढळलं. पण आधी काय, नंतर काय? रॉटरडॅममध्ये हजारो मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवून २०१९ मध्ये दाखवलं गेलं की चंचलपणा आधी होता आणि खाणं नंतर बिघडत गेलं. उलटं दिसलं नाही. मला यात नवल वाटलं नाही. ज्या मुलाला वाट बघता येत नाही, ते भाजीची वाट कशाला बघेल? आणि दिवसभर त्याच्यामागे धावून थकलेली आई रात्री पाकीट फोडते, त्यात तिचा दोष शोधणाऱ्यांनी आठवडाभर ते मूल सांभाळून दाखवावं.

मैत्रिणीचा गहू-दुधाचा सल्ला तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातला. नेदरलँड्समध्ये लिडी पेल्सर यांनी २०११ मध्ये भात, मांस, भाज्या, नासपती, पाणी अशा मोजक्या खाण्यावर मुलांना पाच आठवडे ठेवलं आणि खाण्याच्या गटातली ६४ टक्के सुधारली असं सांगितलं. पण कुणाला काय चाललंय हे आईवडिलांना ठाऊक होतं. अलीकडे तिथल्याच एका अभ्यासात हा कडक आहार आणि साधा सकस आहार समोरासमोर ठेवला. कडक आहारावर ३५ टक्के मुलं सुधारली, साध्यावर ५१ टक्के. ज्या मुलाला आधीच मोजकं आवडतं त्याच्या ताटातून पोळी आणि दही काढून घेतलं तर उरतं काय, याचाही विचार करा. पोट सतत बिघडतं, वाढ खुंटली आहे, अशी शंका असेल तर सिलिॲक आजाराची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची, रक्ततपासणी करा, पण ती गहू चालू असतानाच, कारण बंद केल्यावर अहवाल खोटा चांगला येतो. ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर पैसे घालवायची घाई नको. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात पालकांनी नोंदवलेल्या लक्षणांत फरक दिसला नाही.

घरी काय करायचं? पहिले पंधरा दिवस काहीही बंद करू नका, फक्त सकाळी शाळेआधी खरं काहीतरी पोटात जाऊ द्या. मुगाचं धिरडं गुंडाळून हातात, आदल्या रात्रीची उसळ भरलेली पोळी, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याचा लाडू आणि केळं. दूध दिवसातून दोन कपांवर आणा आणि जेवणापासून लांब ठेवा, भूक आपोआप परत येते. मग पाकीट घरात आणणंच कमी करा. कपाटात आहे आणि ‘मिळणार नाही’, हे मोठ्यांनाही झेपत नाही. ‘अभ्यास केलास तर वेफर्स’ हे वाक्य मात्र आजच बंद. त्याने वेफर्सचा भाव वाढतो आणि अभ्यासाचा पडतो. काय वाढायचं आणि केव्हा, हे तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. घास भरवत मागे फिरणं थांबलं की अर्ध्या घरांतली संध्याकाळची आदळआपट तशीच कमी होते. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-चरबीचं खाणं विकू नये असा २०२० चा केंद्राचा नियम आहे, पालकसभेत तो वाचून दाखवा, बऱ्याच मुख्याध्यापकांना तो माहीतच नसतो.

आणि हे सगळं चालू असताना बाकीची तपासणी थांबवू नका. फळ्यावरचं अर्धंच उतरवणाऱ्या मुलाचे डोळे सगळ्यात आधी तपासा, चष्मा लागला आणि ‘चंचलपणा’ गेला अशी मुलं दर वर्षी येतात. कान तपासा. वाचन-लेखनात वयाच्या मानाने मागे असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करा. एडीएचडीचं निदान करायला लक्षणं सहा महिन्यांहून जास्त, शाळा आणि घर अशा दोन्हीकडे, आणि बारा वर्षांआधीपासून असावी लागतात. त्यात आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर आहे. वडिलांची शाळेतली प्रगतिपुस्तकं काढून बघा म्हणावं. तुमच्या डब्यामुळे ते झालेलं नाही. तीन महिने खाणं, झोप, लोह नीट करूनही शेरे तसेच येत राहिले, तर ‘अजून थोडे दिवस आहार बघू’ म्हणत वर्ष घालवू नका. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञांकडे जा, तीन दिवसांची नोंद आणि बाईंचे गुण बरोबर न्या.

औषध लागलंच आणि मिथिलफेनिडेट सुरू झालं, तर दुपारची भूक मरते हे आधीच माहीत असू द्या. गोळी नाश्त्यानंतर द्या. डबा भरलेला परत आला म्हणून रागावू नका. संध्याकाळी सहा-सातला औषध उतरलं की त्याला कडकडून भूक लागेल. त्या वेळी ताट वाढून तयार हवं, म्हणजे क्लासची वेळ पुढे-मागे करावी लागली तरी करा, आणि दर महिन्याला वजन-उंची लिहून ठेवा.